अडगळ नसलेला कर्नल

आमच्या ह्यांना अडगळ खपत नाही. माळ्यावरचं सामान काढून टाक म्हणून ते सासूबाईंच्या मागे हात धुऊन लागले होते. त्या हो म्हणत आणि आणखी एक डबा वर चढवत. आईपुढे डाळ शिजेना, तेव्हा ह्यांनी मोर्चा कॉम्प्युटरकडे वळवला.

कॉम्प्युटर माझ्या कामाचा. मी त्यावर दुकानांच्या पाट्या तयार करते. दातांच्या डॉक्टरबाई संध्याकाळी त्यांच्या दवाखान्याची पाटी बघायला येणार होत्या. तयार नसली तर काम दुसरीकडे जाणार होतं. नेमकं त्याच सकाळी ह्यांनी जाहीर केलं की लिनक्सचा कर्नल, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ गाभा, जगभरच्या यंत्रांचं ओझं उगाच वाहतो. आपल्यापुरता सुटसुटीत बांधून घेऊ. मी आज नको म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी.

हे बसले कर्नलच्या यादीत एकेका यंत्रापुढे असलेल्या बरोबरच्या खुणा काढायला. हे आपल्याकडे आहे का? नाही? उडवा. सासूबाई शेजारी शर्टाला बटण लावत होत्या. त्या दर वेळी म्हणत, असू दे, लागतं कधीतरी. एकदाच, केवळ आईचं मन राखायला, ह्यांनी गोल पिनेच्या जुन्या कीबोर्डची सोय ठेवली. आमच्या यूएसबी कीबोर्डची मात्र उत्साहाच्या भरात उडवली.

दुपारी नवा कर्नल तयार झाला. कॉम्प्युटर खरंच झटक्यात सुरू झाला आणि त्याने पासवर्ड मागितला. हे बटणं बडवत राहिले, एक अक्षर उमटेना. जुना कर्नल अडगळ म्हणून आधीच पुसलेला. पाटी आत, आम्ही बाहेर. मला रडूच कोसळलं, आणि रागही असा आला की बोलायची सोय नाही.

काय झालं ते ह्यांनी मान खाली घालून आईला सांगितलं. सासूबाई स्टूल ओढत माळ्याखाली गेल्या.

"गोल पिनेचा ना? वरच आहे. पण आधी सांग, माळा आवरायचाय का?"

"नाही," हे म्हणाले.

डॉक्टरबाईंना पाटी आवडली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी कर्नल पुन्हा बांधायला घेतला, आणि या वेळी प्रत्येक खूण काढण्याआधी आईकडे बघितलं, वर तिच्या सांगण्यावरून चार नव्या खुणाही केल्या. आता आमचा कॉम्प्युटर पूर्वीपेक्षाही सावकाश सुरू होतो.