दोन चमचे माशाचं तेल

गुद्रुनने पिशवीतून कॉड माशाच्या तेलाची बाटली काढून डॉक्टरच्या टेबलावर आपटली.

"एकेचाळीस वर्षं रोज सकाळी याच्या घशात ओततेय. गेल्या हिवाळ्यापासून तर दोन-दोन चमचे. मग याची हाडं मऊ पडली कशी?"

तिचा नवरा एडविन शेजारी टोपी चाचपत बसला होता. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर काळोख होता. नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या वार्दो बेटावर नोव्हेंबरात मावळलेला सूर्य जानेवारीशिवाय दिसत नाही. तोवर उन्हाऐवजी ज्याची त्याची मदार त्या तेलाच्या चमच्यावर.

इंगविल्ड डॉक्टर तरुण होती, पण घाईची नव्हती.

"तेलात ड जीवनसत्त्व असतंच," ती म्हणाली. "पण कच्चं. आधी त्यावर यकृत काम करतं, मग मूत्रपिंडं. तिथून तयार होऊन निघालं, तरच आतडी दुधातलं कॅल्शियम नीट घेतात. एडविनची मूत्रपिंडं थकलीत. शेवटचं काम होतच नाही."

"म्हणजे बादलीभर पाजलं असतं तरी पालथ्या घड्यावर पाणी."

"तयार झालेलं औषध मी देते. पण मूत्रपिंडांचं काय? एडविन, सप्टेंबरात तुम्हाला पत्र पाठवलं होतं."

गुद्रुन सावकाश नवऱ्याकडे वळली.

"कसलं पत्र?"

"रक्त शुद्ध करायला आठवड्यातून तीनदा मशीनवर झोपायचं," एडविन टोपीकडे बघत म्हणाला. "त्यासाठी शहरात राहायला जायचं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू इथून हलणारेस का? बहिणीच्या लग्नाहून दुसऱ्याच दिवशी परत आलीस."

"विचारलंस का एकदा तरी?"

"नाही."

"तेलाचा उपयोग नाही, हे ठाऊक होतं?"

"अंदाज होता."

"तरी रोज तोंड उघडायचास. का?"

"तू चमचा भरून उभी असायचीस."

गुद्रुन उठली. कोटाची बटणं एक घर चुकवून लावली आणि तशीच बाहेरच्या नोंदणीच्या खिडकीशी गेली.

"शहरातल्या इस्पितळाची गाडी कधी सुटते?"

"मंगळवारी," खिडकीतली बाई म्हणाली. "किती जण?"

"दोघं. एक आजारी, एक वैतागलेली."

बाईने लिहून घेतलं. "परतीची जागा कधीची ठेवू?"

गुद्रुनने एक हातमोजा काढला, पुन्हा घातला.

"ती राहू दे," ती म्हणाली.