ढेलचं कडियाळं

सूर्यनारायण दिसल्याशिवाय मी पाणी घेत नाही आणि अर्घ्य दिल्यावर रोटल्याचा पहिला तुकडा दारच्या जनावराला देते. सासरी आले तेव्हापासूनचा हा नेम. त्यामुळे आमच्या ढेल घोडीच्या तोंडाची ओळख घरात सगळ्यांत जास्त मला. रोटला ती इतक्या हलक्या ओठांनी उचली, की तळहाताला गुदगुली तेवढी व्हायची. नुसता दोर बांधून फिरवली तर गायीसारखी चाले. पण लगाम चढवला, कडियाळ्याचं लोखंड जिभेवर आलं, की तीच घोडी मान झटकी, जीभ बाहेर काढी, कराकरा चावत राही. छातीवर फेस ओघळायचा.

ढेल माझ्या भावानं, वाजसूर वाळानं दिलेली. आमच्या मुलाच्या, हाथियाच्या लग्नात मामाचा आहेर म्हणून. कडियाळ्याला चांदीच्या कड्या होत्या आणि त्या बघायला मांडवातली माणसं जेवण सोडून उठली होती.

महिन्याभरात त्या कौतुकाला आंबूस वास यायला लागला. हे म्हणाले, "काठियाणी, बाजारात खपली नाही ती घोडी तुझ्या भावानं आहेरात खपवली."

मी म्हटलं, सूर्य बघतोय, उगाच कुणाला दोष देऊ नये. पण यांनी ठरवून टाकलं होतं. अखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हाथिया सुनेला आणायला ढेलवर बसून जायचा होता. तोवर घोडी शहाणी झाली नाही तर ती परत धाडायची. काठियावाडातल्या आमच्या काठी लोकांत आहेर परत गेला की त्या घरचं पाणी पिणंसुद्धा संपतं. आईवडील केव्हाच गेलेले. माहेर म्हणून मला वाजसूरचा एवढा एकच उंबरा.

यांनी भाणजी जिनगराला बोलावलं. त्यानं ओट्यावर तीन कडियाळी मांडली. एक मधे सांधा असलेलं, एक जाडजूड, एक आतून काटेरी. घोडीची जीभ जाड की पातळ, टाळू खोल की उथळ, ते बघून सांगतो म्हणाला. हे म्हणाले, आहेराच्या घोडीचं तोंड आम्ही उघडत नाही. देणाऱ्यानं उघडून दाखवलं तर बघायचं. घेणाऱ्यानं बोट लावलं तर देणाऱ्याची अब्रू जाते.

"म्हणजे पाय न बघता जोडा शिव म्हणता, आपा," भाणजी म्हणाला.

अंदाजानंच चढवून बघितली. सांध्याच्या कडियाळ्यानं ती जास्तच चावायला लागली, जाड्यानं मागच्या पायांवर उभी राहिली. यांचा हात काटेरीकडे गेला तेव्हा मी दाराआडून म्हटलं, की आज रविवार आहे, माझा उपास आहे, आज अंगणात रक्त नको. यांनी ते खाली ठेवलं. पण भाणजीला परत दिलं नाही. खुंटीला टांगून ठेवलं.

सोमवारी यांच्या अंगठ्याला फडकं. बाभळीचा काटा म्हणाले. हळद भरताना मी बघितलं, नखाच्या दोन्ही बाजूंना चंद्रकोरीसारखे वळ होते. मी फडकं घट्ट बांधलं. पण त्या दिवसापासून मला यांच्याही बोलण्यातला दाणा आणि कोंडा वेगळा करून बघायची सवय लागली.

भावाचंही काही बरं दिसेना. एरवी येणाऱ्या एसटीबरोबर तो आमच्या शेळीचीसुद्धा खुशाली विचारायचा. लग्न झाल्यापासून ढेलचं नाव नाही. मन म्हणायचं, सख्खा भाऊ आहे. आणि तेच मन म्हणायचं, मग विचारत का नाही?

मी ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला, माझ्या रविवारांचं उद्यापन आहे, जेवायला ये. घोडीबद्दल एक अक्षर घातलं नाही.

वाजसूर आला. माहेरची पिशवी बहिणीनंच रिकामी करायची, म्हणून मी ती आत नेली. पेढ्यांच्या पुड्याखाली कापडात काहीतरी जड लागलं. सोडलं तर कडियाळं. सरळ दांड्याचं, सांधा नसलेलं, वरून कातडं गुंडाळलेलं. कातड्यावर दातांचे जुने ठसे होते आणि त्याला ढेलच्या तोंडाचा वास होता.

हे हातपाय धुवायला गेले होते. मी ते भावापुढे धरलं.

"तुला कुणी सांगितलं होतं हे आणायला?"

त्यानं कातड्यावरच्या ठशांवर बोट ठेवलं. मग म्हणाला, ढेल वर्षाची असताना एकानं तिला काटेरी घातलं, जीभ कापली. तेव्हापासून ती एवढंच तोंडात घेते. "पण बेन, भरल्या मांडवात कातडं गुंडाळलेलं लोखंड कसं देऊ? वाळांना चांदी परवडली नाही, असं लोक म्हणाले असते. वाटलं, सवय होईल तिला."

"आणि हाथियाला पाडलं असतं म्हणजे?"

मी कडियाळं त्याच्यापुढे ठेवलं.

त्यानं कडियाळं उचललं आणि स्वतःच अंगणात गेला. यांच्यासमोर ढेलचं तोंड उघडून जिभेवरचा पांढरा वण दाखवला, आपण काय लपवलं तेही सांगितलं. हे लांबूनच बघत होते, हात पाठीमागे. वाजसूरनं विचारलं, चावली तर नाही ना कुणाला? हे म्हणाले, छे, आणि फडक्याचा हात हलवला.

"मग अंगठ्याला काय झालं, आपा?"

"बाभळीचा काटा."

वाजसूरनं फडक्याबाहेर आलेला वळ नीट बघितला. "आमच्याकडची बाभळसुद्धा अशीच चावते. तोंडात बोट घातलं की."

हे खाकरले. मग खुंटीवरचं काटेरी कडियाळं काढून भाणजीकडे पोचवायला सांगितलं. घोडी परत धाडायचं पुन्हा बोलले नाहीत.

ढेलनं कातड्याचं कडियाळं आपणहून ओठांत घेतलं. जरा चघळलं आणि कान टवकारून उभी राहिली. दोघं पुरुष एका ताटात जेवले. एकमेकांना वाढताना मात्र दोघंही जरा जास्तच आग्रह करत होते.

एसटी गेल्यावर माझ्या लक्षात आलं, भाऊ पिशवी विसरला. घडी करून फडताळात ठेवायला घेतली. ठेवण्याआधी माझा हात आपोआप आत गेला आणि चारही कोपरे चाचपून आला.