टेक्सासचा कापूस

हर्णैला साबिराची आई अंथरुणाला खिळली होती आणि फोनवर तिचा एकच धोशा असायचा, डोळे मिटायच्या आत एकदा तोंड दाखव. साबिरा जाणार कशी? व्हिसा देऊन आणणाऱ्या मारकुट्या मालकाच्या, कफीलाच्या घरून ती पळाली, तेव्हा पासपोर्ट त्याच्याच कपाटात राहिला. तेव्हापासून रियाधमध्ये बँकवाल्या उल्हास आणि विभावरीच्या घरी ती स्वयंपाक करायची, त्यांच्या आर्याला सांभाळायची.

अशात नोकऱ्या सौदींनाच द्यायच्या, अशी सौदीकरणाची लाट आली. कागदपत्रं नसलेल्यांनी मुदतीच्या आत निघून जावं, दंड नाही, तुरुंग नाही, असं सरकारनं जाहीर केलं. खालच्या मजल्यावरची केरळची बाई हिंदीत जीव तोडून सांगत होती, "चल मेरे साथ." पण साबिरानं विचारलं कुणाला, तर विभावरीला. आपल्या भाषेतलं माणूस आपल्याला कशाला फसवेल?

"ते कंपनीतल्या पुरुषांसाठी गं," विभावरी म्हणाली. "बायकांना धरून आत टाकतात."

साबिरानं मान डोलावली, वेडी कुठली. केरळची बाई केव्हाच घरी पोचली.

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आर्या ओट्याशी बसून अमेरिकेच्या इतिहासाचा प्रोजेक्ट करत होती. साबिरा भेंडी चिरत होती.

"मावशी, लिंकननं स्लेव्ह्जना फ्री केलं ना, पण टेक्सासमध्ये अडीच वर्षं त्यांना कुणी सांगितलंच नाही. मग सोल्जर्स आले, त्यांनी ऑर्डर वाचली."

"मालकांना ठाऊक नव्हतं?"

"होतं. कापूस निघेपर्यंत गप्प बसले असतील, असं टीचर म्हणाली." चित्र रंगवता रंगवता आर्या बोलून गेली, "मम्मापण पप्पाला तेच म्हणाली, माझी एक्झाम होईपर्यंत साबिराला काही सांगू नका."

पोरीचा काय दोष? साबिरानं सुरी ठेवली, हात धुतले, अंगावर अबाया चढवला. रागापेक्षा तिला लाजच जास्त वाटत होती, एवढा विश्वास टाकल्याची.

विभावरी दारात आडवी आली. "आता कुठे निघालीस? बाहेर धरपकड चाललीय."

"धरलेल्यांना शेवटी घरीच पाठवतात ना, वहिनी?"

"आधी महिनोन्महिने कोंडून ठेवतात."

"ठेवू देत. आई तोवर थांबली तर थांबली."

विभावरी बाजूला झाली.

मोठ्या रस्त्यावर पोलिसांची गाडी येत होती. माणसं जीव मुठीत धरून गल्ल्यांत पळत होती. साबिरा रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि टॅक्सीला करावा तसा तिनं गाडीला हात केला.