डाव्या बाजूची स्प्रिंग

बैलांच्या शर्यतींचे शंकरपट बंद झाले त्या साली कामठ्याच्या टेकचंदनं पटाची बैलजोडी विकली आणि रायपूरहून दोनच माणसांची, लाल, जमिनीला पोट घासत चालणारी स्पोर्ट्स कार आणली. कुण्या कंत्राटदाराच्या पोराला ती नकोशी झाली होती. का झाली, ते टेकचंदनं विचारलं नाही. अर्धी जिंदगी पटाची छकडी हाकलेला हा धुरकरी. पट गेल्यापासून त्याच्या मनगटांना चैन नव्हतं. जेवताना ताट हातात घेऊन अंगणात फिरायचा. भाकरीचा एक घास तुळशीपाशी, दुसरा गोठ्यापाशी.

गाडी आली त्या दिवशी निर्मलाबाई, त्याची बायको, हौसेनं शेजारी बसली. मांडीवर दह्यानं भरलेला पितळी गंज, रावणवाडीला नणंदेकडे द्यायचा. पोचली तेव्हा गंजात वर लोणी होतं आणि खाली ताक. नणंद खूश झाली. निर्मलाबाईची कंबर झाली नाही.

"अजी, आयका," ती म्हणाली. "मंडईच्या दिवशी गंजातलं दही दहीच राहिलं, तं मी तुमच्या बाजूले बसून मंडईत येईन. नाही राहिलं, तं मी चालली माहेरी. चैतराम ट्रॅक्टर घेऊन येते."

चैतराम तिचा भाऊ. कामठ्याची आणि तिच्या माहेरची मंडई, दिवाळीनंतरची गावजत्रा, एकाच दिवशी. आता सारा कामठा, सारे सोयरे मंडईत जमलेले असताना टेकचंदची लाल गाडी यावी आणि शेजारची सीट रिकामी दिसावी, या विचारानं टेकचंदचं जेवताना फिरणं गोठ्यापासून फाटकापर्यंत गेलं. दिवाळी उलटली होती, हलकं धान कापून झालं होतं, मंडई तोंडावर.

त्यानं गोंदियाचा ओमेश मिस्त्री गाठला. ट्रकच्या कमान्या ठोकता ठोकता हा कारकडे वळलेला. त्यानं गाडीखाली डोकं घातलं आणि बाहेर काढलं.

"काका, नऊ किलोची स्प्रिंग हाय. नऊ किलो वजन टाका, तवा कुठं एक मिलिमीटर दबते. हे रेसच्या सडकेसाठी. आपल्याकडं सडक कुठं हाय?"

खोटं नव्हतं. त्या स्प्रिंगांवर गाडी बिडीच्या थोटकावरून गेली, तर तेंदूचं पान यंदाचं की गेल्या सालचं, ते टेकचंदच्या बुडाला कळायचं.

ओमेशनं तीन किलोच्या मागवल्या. गोंदियाच्या पुलावर गाडी जी डोलायला लागली, ती कामठ्यात इंजन बंद केल्यावरही अंगणात डोलत राहिली. बोनेटवर एक कावळा बसला होता, तो उडून गेला तो तिरपाच.

"स्प्रिंग म्हणजे बैल," ओमेश म्हणाला. "शॉकअप म्हणजे कासरा. बैल बदलला, कासरा ढिलाच हाय."

त्यानं शॉकअपचा खटका फिरवून फिरवून आवळला. डोलणं थांबलं. सीटवर गंज ठेवून टेकचंद फिरून आला, तर दह्यावरची साय जशीच्या तशी. ओमेश हात पुसायला लागला.

टेकचंद मात्र गाडीभोवती फिरतच राहिला.

"आता काऊन फिरून राहिले, काका?"

"काहीच समजत नाही रे. खड्डा आला का गेला, मनगटाले पत्ता नाही. मी नाही, माझा फोटोच गाडीत बसवून पाठवला वाटते."

"मग पाच किलो टाकू? दोघांचंही थोडं थोडं राहीन."

"थोडं थोडं कायले? तिले तिचं पुरं, मले माझं पुरं." टेकचंद थांबला. कितीतरी दिवसांनी तो एका जागी थांबला होता. "डावीकडे ती बसते. डाव्या बाजूले तीनची टाक. उजवीकडे मी. उजव्या बाजूले नऊची."

ओमेशनं हातातला पाना खाली ठेवला. "एका गाडीत दोन जातीच्या स्प्रिंगा कोणी टाकत नाही, काका."

"माह्या जोडीत डावा थंड होता न उजवा तेज. तरी पट मारला का नाही?"

"त्याईले डोकं होतं ना, काका. हे लोखंड हाय."

पण टेकचंदनं स्वतः जॅक लावला होता.

मंडईच्या दिवशी निर्मलाबाई नवं लुगडं नेसून, गंज मांडीवर घेऊन बसली. चेहरा असा की आता लोणी निघालं तर तेही तुमच्याच डोक्यावर ओतीन. मंडईआधी एक फेरी मारून पाहायची, अशी तिची अट. फाटक ओलांडलं, खड्डा आला, गेला. तिनं गंजात पाहिलं. दही.

"बरी चालून राहिली," ती म्हणाली.

टेकचंदला बोलायला फुरसत नव्हती. जरा ब्रेक दाबला की गाडी डावं नाक खाली घालायची आणि डावीकडेच पळायची. मग दोन्ही हातांनी उजवीकडे ओढावं. सोडलं की पुन्हा तेच. मनगटं ठणकायला लागली आणि त्याला वाटलं, आपण पुन्हा पटावर आहोत. घाम फुटला होता आणि तो हसत होता.

नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, फाट्याशी म्हशींचा कळप आडवा आला. त्यानं कचकन ब्रेक मारला. गाडीनं डावं नाक घातलं आणि डाव्या वाटेला लागली. एका अंगाला नहर, दुसऱ्या अंगाला बांध. मागे घ्यावी, तर मंडईला निघालेल्या बैलगाड्या पाठीला लागलेल्या. कामठ्याची मंडई पाठीमागे राहिली होती.

निर्मलाबाईनं वाटेकडं निरखून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "अजी, हे तं माह्या माहेरची वाट."

टेकचंदनं तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"मग?" तो म्हणाला.

"सकाळीच काऊन नाही सांगितलं? जरीचं लुगडं तरी काढलं असतं."

माहेरच्या अंगणात चैतराम तिला आणायला ट्रॅक्टरवर चढलाच होता, तो उतरला. "भाऊजी, सापडली का वाट आमच्या गावाची?"

"सापडली कायची, त्याईनं मुद्दाम वळवली," निर्मलाबाई म्हणाली आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली. गंजातलं दही सगळ्यांच्या तळहातावर वाटलं. टेकचंदनं दोन्ही हात पाठीमागे धरले होते. ते अजून उजवीकडेच ओढत होते.

चहा पिऊन झाल्यावर, कोणी न म्हणता, ती आपणहून जाऊन गाडीत बसली.

"चला, कामठ्याची मंडई हाय अजून. सारे सोयरे आले असतीन, त्याईले दिसू दे." पदर सावरत तिनं पुढे सांगितलं, "अन् जाता जाता माह्या बहिणीकडं, प्रेमिलाकडं थांबा. तुमी आता वळवतच हाव, तं तिकडंही वळवा."

टेकचंदनं मान हलवली आणि स्टिअरिंग घट्ट धरलं. प्रेमिलाचं घर उजव्या हाताला होतं.