फ्रॉकच्या खिशातली खीळ

टण्ण!

सकाळची वेळ होती. घर इतकं शांत होतं की मोरीतला नळ ठिबकतोय हे स्वयंपाकघरातसुद्धा ऐकू येत होतं. ठकूच्या आईनं कालचा फ्रॉक बादलीत टाकण्याआधी झटकला, आणि त्याच्या खिशातून मी फरशीवर पडले.

मित्रांनो, मी एक जुनी खीळ आहे. लांबीला तुमच्या करंगळीएवढी. माझं एक टोक वाकवलेलं आहे आणि त्यावर काळा रंग आहे. कुणी म्हणेल, असेल कुठल्या तरी ट्रंकेची. पण मी पियानोच्या झाकणाची खीळ आहे, आणि जिथे असायला हवी तिथे मी आत्ता नाही. माझी कहाणी थोडक्यात सांगते, कारण वेळ कमी आहे.

पोलादाच्या एका सळीतून कारागिरानं दोन तुकडे कापले, घासले, तापवून वाकवले. पहिला तुकडा माझी बहीण, दुसरा मी. मोठ्या पियानोच्या पाठीला दोन बिजागऱ्या होत्या. एकीत ती बसली, एकीत मी. पियानोचं झाकण म्हणजे डब्याचं झाकण नव्हे. दोन धडधाकट माणसांना ते उचलताना घाम फुटतो. उघडलं की ते एका दांडीच्या टेक्यावर उभं राहतं. बघणाऱ्याला वाटतं, सगळा भार दांडीनंच पेललाय. खरं तर ते झाकण सतत मागे घसरू पाहत असतं, आणि आम्ही दोघी त्याला धरून असतो.

चाळीस वर्षं आम्ही धरून ठेवलं. वाजवणाऱ्याला टाळ्या मिळाल्या, सूर जुळवणाऱ्याला चहा मिळाला. झाकणाच्या चकाकीत डोकावून कित्येकींनी केस सारखे केले. आमच्याकडे मात्र कुणाचंच लक्ष गेलं नाही. अपवाद फक्त बाईंचा.

बाई म्हणजे सभागृहात आमच्याच पियानोवर शिकवणाऱ्या. त्यांचा एक नियम होता. झाकण उचलण्याआधी मुलांनी आम्हा दोघींना बोट लावायचं.

"दोघी आहेत?" बाई विचारायच्या.

"आहेत!" मुलं ओरडायची.

"मग उचला," बाई झाकण उचलायला आलेल्या मोठ्या माणसांना सांगायच्या.

ते इवलंसं बोट लागलं की मला फार बरं वाटायचं.

ठकूची आई ही बाईंची सगळ्यात मोठी विद्यार्थिनी. लहानपणी सुटलेलं शिक्षण तिनं ठकू झाल्यावर पुन्हा धरलं. तिच्या घरी पियानो नाही. जेवणाच्या टेबलाच्या कडेला तिनं कागदाची पट्टी चिकटवलीय, त्यावर पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या काढल्यात, आणि ठकू झोपली की ती त्या कागदावर बोटं चालवते. आवाज फक्त तिला ऐकू येतो. "वर्गात सगळ्यात मोठी मी, आणि सगळ्यात कच्चीही मीच," असं ती हसून सांगते. पण तिचा कान कच्चा नाही. बाई म्हणतात, "तुझी बोटं घरकामात अडकलीत गं, कान मात्र मोकळे आहेत."

काल संध्याकाळी एका पाहुण्या वादकाचा कार्यक्रम होता. दुपारी सभागृहाच्या रखवालदारानं खुर्च्या मांडणाऱ्याला हाताशी घेऊन झाकण पुसायला काढलं. आम्हा दोघींना उपसून त्यानं पियानोवर ठेवलं. मी घरंगळले ती थेट पियानोच्या बाकाखाली. झाकण परत चढवताना त्याच्या हाताला फक्त माझी बहीण लागली.

"काका, दुसरी कुठाय?" खुर्च्या मांडणाऱ्यानं विचारलं.

"असेल इथंच कुठंतरी. आधी त्या खुर्च्या मांड, वादक सरावाला यायची वेळ झाली."

"अहो, पण एकीवर..."

"एकीवर लोकांचे संसार चालतात, झाकणाचं काय घेऊन बसलायस!"

दोघंही हसले. मी बाकाखालून ऐकत होते. मला हसू आलं नाही.

थोड्या वेळानं वादक सरावाला बसला. सराव ऐकायला ठकूची आई लवकरच आली होती. ठकू रांगत बाकाखाली आली, तिनं मला उचललं आणि आईजवळ परत येऊन खुर्चीवर ठकठक वाजवायला सुरुवात केली.

"शू! ठेव ते खिशात," आई म्हणाली. तिचे डोळे वादकाच्या बोटांवर होते. ठकूच्या हातात काय आहे, ते तिनं पाहिलंच नाही.

मग सगळा कार्यक्रम मी खिशात ऐकला. सोबतीला एक खोडरबर आणि बिस्किटाचा चुरा. उजवा हात चालू होता तोवर ठीक होतं. पण डाव्या हाताचे खोल सूर सुरू झाले आणि मला तिकडून एक आवाज आला. अगदी बारीक. मी तो लगेच ओळखला. मला ओरडावंसं वाटलं, पण खिळीला कुठला आलाय गळा? शेवटी टाळ्या झाल्या. लोक उठले, दिवे विझले. रखवालदारानं झाकण उघडंच ठेवलं, कारण सकाळी दहाला बाईंच्या नव्या मुलांचा पहिला वर्ग होता.

जाताना बाईंनी सगळ्या विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, "काय ऐकलंत ते एक पान लिहून आणा." ठकूच्या आईनं आज पहाटे ते लिहिलं आणि कसं झालंय बघायला स्वतःशीच मोठ्यानं वाचलं. मी खुंटीवरच्या फ्रॉकमधून ऐकत होते.

"संथ भागात खोल सुरांच्या मागे दातावर दात वाजावा तसा एक आवाज येत होता. शेजारच्यांना ऐकू आला नसावा. मला वाटतं, त्या वाद्याचं म्हातारपण बोलत होतं. मला तो आवाज फार आवडला."

किती छान लिहिलं होतं! एवढ्या गर्दीत तिच्या एकटीच्या कानांनी ते टिपलं. पण मित्रांनो, ते म्हातारपण नव्हतं. ती माझी बहीण होती. एकटीनं दोघींचा भार ओढत होती, आणि दर खोल सुराला केसभर वाकत होती.

आता आईनं मला उचललं. वाकडं टोक पाहिलं, काळ्या रंगावरून बोट फिरवलं. तिचं ते बोट मला ओळखीचं होतं. तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

ठकू ब्रश तोंडात धरून आली. "माझी जादूची कांडी! दे ना!"

"कुठे मिळाली तुला ही?"

"पियानोच्या बाकाखाली. तूच म्हणालीस, ठेव खिशात."

रागवायला उघडलेलं तोंड आईनं मिटलं. टेबलावर तिचं पान पडलं होतं. त्यातली ती ओळ तिनं पुन्हा वाचली आणि घड्याळाकडे पाहिलं. दहाला दहा मिनिटं कमी. पहिल्या वर्गाला बाई मुलांना पियानोचं पोट दाखवतात. दहा-बारा डोकी झाकणाखाली वाकून आतल्या हातोड्या बघतात. बोट लावायचा नियम झाकण उचलण्याआधीचा; आधीच उघडलेल्या झाकणाच्या बिजागऱ्या कोण बघतं?

तिनं बाईंना फोन लावला. वर्ग असला की बाईंचा फोन पर्समध्ये असतो आणि पर्स कपाटात. सभागृहाचाही फोन वाजून वाजून बंद झाला. मग तिनं एका मुठीत मला धरलं, दुसऱ्या हातात ठकूचा हात, आणि ती जिना उतरली. ठकूच्या तोंडाला अजून फेस होता. आईच्या एका पायात स्वतःची चप्पल होती, दुसऱ्यात भलतीच.

मित्रांनो, धावता धावताच सांगते. सापडलेली वस्तू खुशाल उचला, पण ती कुठली आहे ते विचारा. मोठ्यांनाही सांगा, की एकीवर भागतंय म्हणून दुसरीला विसरायचं नसतं. आणि काही खटकलं, तर त्याचं कौतुक लिहायच्या आधी एकदा उठून मागे जाऊन बघावं.

आईच्या मुठीत मी घामानं भिजले होते. रस्ता ओलांडायला ती थांबली. गाड्या संपेचनात. ठकूनं तिचा हात ओढला.

"आई, दुसरी खीळ तिथे एकटीच आहे?"

"हो गं."

"रात्रभर?"

"हो."

ठकूनं आईच्या बंद मुठीकडे पाहिलं, मग वर आईच्या तोंडाकडे.

"मग आपण पोचेपर्यंत ती धरून ठेवेल ना?"