तिचा होकार तिनेच द्यायचा

चर्चच्या गायकवृंदाच्या निवडीत मावशींना यंदाही डच्चू मिळाला. सलग सहावं वर्ष. त्यांनी सूर लावला की पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघत. कर्णबधिर मुलांच्या शाळेचं वसतिगृह बावीस वर्षं सांभाळून निवृत्त झालेल्या या बाईंची एकच हौस होती, देवाच्या घरात आपलाही काही उपयोग व्हावा. पण देवाने दिलेलं कृपादान म्हणजे गाणं, वादन, नाहीतर उपदेश, अशीच तिथली समजूत. उरलेल्यांनी खुर्च्या मांडाव्यात. तुमच्या-आमच्या मंडळीत याहून वेगळं काय चालतं, सांगा बरं?

त्या शुक्रवारी मावशी तोंड पाडून खुर्च्याच मांडत होत्या. समोर दुसऱ्या दिवशीच्या लग्नाची तालीम चालली होती. वधू-वर दोघंही पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला आणि दोघंही जन्मापासून कर्णबधिर. म्हणून लग्न लावणाऱ्या पाळकांनी तोडगा काढला होता. शपथेचा प्रश्न विचारला की वधूच्या वतीने तिचा थोरला भाऊ 'होय' म्हणेल आणि वराच्या वतीने त्याचे काका. भावाने घसा खाकरून 'होय' म्हणून दाखवलंसुद्धा, तेही दणक्यात.

तेवढ्यात वधूचे हात हलले. बहिणीला तहान लागली असं समजून भावाने पाण्याचा पेला आणून दिला. तिने तो बाजूला ठेवला आणि पुन्हा त्याच खुणा केल्या. ती विचारत होती, "मला काय विचारलं? आणि याने काय सांगितलं?"

वसतिगृहात शिकलेल्या खुणांच्या भाषेमुळे मावशींना तिचा प्रश्न लगेच कळला. पण पुढे जायचं धाडस होईना. ऑर्गन वाजवणाऱ्या आजींच्या कानाशी लागून त्यांनी सगळं सांगितलं.

"मग इथे काय करतेस?" आजी म्हणाल्या. "असं तर उद्या लग्न भावाचं आणि काकांचं लागेल."

"पण मी कोण मध्ये पडणारी? मला तर देवाने साधा गळाही दिला नाही."

"गळ्याचं रडगाणं पुरे झालं. ज्या भाषेत बावीस वर्षं मुलांची भांडणं मिटवलीस, आजारपणं काढलीस, ती काय बाजारातून आणली होतीस? तेच तुझं कृपादान. ते तू स्वतःपाशी ठेवलंस, तर त्या पोरीला मुकं आपण केलं, देवाने नाही."

मावशी गेल्या. वधूसमोर उभं राहून त्यांनी हातांनी प्रश्न सांगितला. ती क्षणभर बघतच राहिली आणि मग तिचे हात असे सुटले की मावशींची दमछाक झाली.

"मावशी, चारचौघांत हे हातवारे बरे दिसतात का?" भाऊ म्हणाला. "तिला सगळं समजतं."

"समजत असतं तर तिने विचारलं असतं का?"

पाळक पुढे आले. "माझंच चुकलं," ते म्हणाले. "मावशी, उद्या तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहा."

शनिवारी चर्च गच्च भरलं होतं. पाळकांनी विचारलं, मावशींच्या हातांनी विचारलं. वधूने उत्तर देण्याआधी उलटा प्रश्न केला, "सुखात साथ देईन, दुःखात साथ देईन, हे यालाही विचारणार ना?" मावशींनी तो मोठ्याने सांगितला आणि सगळं चर्च हसलं. वराने तर घाईघाईने आधीच होकार देऊन टाकला. मग वधूने मान ताठ करून हातांनी सांगितलं, "होय. हे मी स्वतः सांगते आहे."

काय तो जल्लोष! मावशींनी दाखवलं तसे शेकडो हात टाळ्यांऐवजी हवेत हलले आणि वधूला ते सगळे दिसले.

विधीनंतर भाऊ मावशींजवळ आला. तीस वर्षं एका घरात राहून त्याला बहिणीशी 'जेव', 'झोप', 'चल' एवढंच बोलता येत होतं.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "'मला माफ कर' कसं म्हणायचं?"

मावशींनी दाखवलं. त्याचं दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा त्याने ते थेट बहिणीसमोर जाऊन म्हटलं आणि तिने त्याला घट्ट मिठी मारली.

पुढच्या रविवारपासून मावशींचा खुणांच्या भाषेचा वर्ग सुरू झाला. पहिल्याच दिवशी एकेचाळीस जण हजर होते, पाळक वही घेऊन सगळ्यांत पुढे. मित्रहो, देवाचं दान मिरवण्यासाठी नसतं. ते ज्याच्यासाठी दिलेलं असतं, तो माणूस आपल्यातच कुठेतरी वाट बघत बसलेला असतो. उठून त्याच्यापर्यंत जाणं, हीच सेवा.