जेवताना पडदे नकोत

मी टेबल बोलतोय. व्याकरणात मी ‘ते टेबल’. पण सुताराने रंधा मारताना ‘नीट उभा राहा रे!’ असं दटावलं, तेव्हापासून मी स्वतःला ‘तो’च समजतो.

पडदे शिवणाऱ्या एका घरात मी आलो, त्याला चौदा वर्षं झाली. पुढे दुकान, मागे घर आणि मधोमध मी. दिवसा माझ्यावर कापड बेतायचं, जेवणाच्या वेळी तेच सरकवून ताटं मांडायची. सून कापणार आणि शिवणार, तिचा नवरा घरोघरी जाऊन मापं घेणार, सासरे बसल्या जागी कड्या लावणार.

घास तोंडात असतानाही बोलणं एकच. “झालर झाली?” “अस्तर कमी पडतंय.” एकदा बायकोच्या वाढदिवसाला नवऱ्याने फूल आणून माझ्यावर ठेवलं. तिने ते उजेडात धरून विचारलं, “हा रंग कुणी मागितलाय?”

नवऱ्याचा पडलेला चेहरा बघून तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तिने फर्मान काढलं, “जेवताना दुकानाचा शब्द नाही. जो काढेल तो भांडी घासेल.”

त्या दुपारी एवढी शांतता पसरली, की माझ्या पायातल्या किड्याचं कुरतडणं मला ऐकू आलं. पुढच्या दिवशी नवरा धीर करून म्हणाला, “आज ऊन आहे.”

“हो ना, पडदे...” सासऱ्यांनी जीभ चावली आणि ते निमूटपणे भांड्यांकडे गेले.

तिसऱ्या दिवशी सून ताटाकडे बघत म्हणाली, “मला आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी.”

“दुकानाचं बोललीस! भांडी तुझी!” सासरे आनंदाने ओरडले.

“नुसती दुकानापासून नाही, बाबा. तुम्हा दोघांपासूनही.”

नवऱ्याचा हात ताटातच थांबला. “माझं काही चुकलं का?”

“नाही रे. सकाळी तू, दुपारी तू, संध्याकाळी तू. तुझी आठवण यायला तू कुठे जातच नाहीस.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तरी काय सांगणार? मग हळूच म्हणाला, “सोमवार चालेल?”

भांडी त्या दिवशी तिघांनी मिळून घासली.

पहिल्याच सोमवारी ती पोहायला शिकायला गेली आणि इकडे बापलेकांनी एक पडदा वीतभर तोकडा कापला. ती ओल्या केसांनी परतली. तिने पडदा पाहिला. दोघं माना खाली घालून बोलणी खायला तयार उभे.

ती खुर्ची ओढून बसली. “आज पाण्यात डोकं घातलं. वाटलं, संपलं सगळं! आणि तरंगले की!”

“घाबरलीस?” नवऱ्याने विचारलं आणि तोही बसला. मग ती सांगत राहिली, तो ऐकत राहिला. सासरे पडदा उचलून गुपचूप पुढे दुकानात गेले.

आता माझा एक पाय डुगडुगतो, कडा झिजल्यात. तरी सोमवारची मी वाट बघतो. तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्यावर कधीतरी नुसतेच कोपर टेकून बसा, गप्पा मारा. आणि हो, गरम पातेलं ठेवताना खाली काहीतरी ठेवत जा. आम्ही ओरडत नाही, म्हणजे भाजत नाही असं नाही!